पुढे तसंच

मास्तरांची बायको मोठ्याने वाचायला बसली की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात भरतकामाचा क्लास चालतो. चांदणी, गाठ, बाण, कंस, अर्धा टाका. महिरप उघडली, महिरप मिटली. प्रत्यक्षात ती वाचत असायची कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, आणि त्यातल्या खुणांची खरी नावं शिकवता शिकवता मास्तरांनी हात टेकले होते. बत्तीस वर्षं तिने शाळांचे गणवेश शिवले होते. तिला तारका दिसली की ती चांदणीच, आणि ओळीच्या शेवटी येणारा अर्धविराम म्हणजे अर्धा टाका. शेवटी मास्तरांनीच तिची भाषा शिकून घेतली. गरज त्यांना होती.

गरज अशी, की मास्तरांना दिसत नव्हतं.

अगदी अंधार नव्हता. कडेकडेचं दिसायचं. दाराची चौकट, ताटाची कड, बायकोच्या गळ्यात लोंबणारी मापाची टेप. पण ज्याच्याकडे सरळ बघावं, ते नेमकं एका राखाडी डागाखाली जायचं. डॉक्टरीणबाईंनी आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, "आहे तेवढी नजर सांभाळा. गेलेली परत येत नाही." हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं, आणि तिसरी त्या डॉक्टरीणबाई. ऑफिसला मास्तरांनी कळवलं की गुडघ्यांनी दगा दिलाय, आता घरूनच काम करीन. गुडघे ठणठणीत होते.

मास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, आणि जन्मात त्यांनी कुठे शिकवलं नव्हतं. ते फर्मवेअरवाले. यंत्राचं बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी जो प्रोग्राम जागा होतो आणि बाकीच्यांना हलवून उठवतो, तो लिहिणं आणि दुसऱ्याने लिहिलेला तपासणं, हे त्यांचं काम. त्यातही गेली बरीच वर्षं तपासणंच जास्त. कुणी दुरुस्ती लिहिली, म्हणजे यांच्या भाषेत पॅच पाठवला, की तो मास्तरांकडे यायचा आणि वह्या परत याव्यात तसा खुणांनी भरून परत जायचा. त्यावरून हे नाव पडलं. पॅच पास झाला की त्याच्या खाली एक ओळ येते, 'तपासणारा' अशी, आणि पुढे नाव. ती ओळ पुढे कुणी पुसत नाही. मास्तरांचं नाव अशा चार हजारांवर पॅचखाली होतं, आणि त्यांचं नाव दिसलं की पुढचे लोक डोळे मिटून सही करत.

आता कुणी म्हणेल, अहो, वाचून दाखवणारे प्रोग्राम मिळतात की. मिळतात. पण कंपनीच्या संगणकावर ते बसवायचे तर कंपनीला कळवावं लागतं, आणि कळवणं तेच तर नको होतं. बायकोला कोड दाखवायचीही परवानगी नव्हतीच. घरच्या माणसांनाही काम दाखवू नये, असं मास्तरांनी सही करून दिलेलं होतं. ते कलम त्यांना पाठ होतं. तरीही रोज सकाळी नऊ वाजता शिलाई मशीन भिंतीकडे सरकायचं, जेवणाच्या टेबलावर संगणक उघडायचा, आणि ती चष्मा लावून बसायची. मास्तर डोळे मिटून ऐकायचे. ऐकता ऐकता म्हणायचे, "थांब. मागची ओळ परत." आणि त्या ओळीत हटकून काहीतरी असायचं. आठ महिन्यांत त्यांनी कानाने एकोणीस चुका पकडल्या होत्या. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि हा अभिमान कुणाला सांगता येत नाही म्हणून ते अधूनमधून बायकोलाच सांगायचे.

काम सुटलं तर काय, हा विचार ते करत नसत. एकदाच केला होता, तेव्हा खुर्चीत बसलेला एक माणूस दिसला होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं आणि पुढ्यात काय वाढलंय तेही त्याला सांगावं लागत होतं. त्यानंतर मास्तरांनी तो विषयच सोडला.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला मॅनेजरचा फोन आला.

"मास्तर, नऊ झाल्या," तो म्हणाला. "नववी आज पहाटे गेली."

नऊ म्हणजे नऊ थंड खोल्या. कंपनी लशी ठेवायच्या थंड खोल्यांचे नियंत्रक बनवायची. भिंतीवरची ती पेटी, जी आतलं तापमान धरून ठेवते. चार दिवसांपासून एकेक पेटी मरत होती. मरायची ती अशी, की बंद करून चालू केली तरी उठायची नाही. दोन ठिकाणी कुणाच्या लक्षात येईपर्यंत आतल्या लशी वाया गेल्या होत्या. आणि अशा पेट्या एकूण दोन हजार होत्या.

"सहा आठवड्यांपूर्वीचं अपडेट ज्यांनी घेतलं, त्याच मरतायत," मॅनेजर म्हणाला. "त्या अपडेटमध्ये एकच मोठी गोष्ट आहे. धाकटीचा पॅच."

"पत्ते बदलायचा."

"तोच. खाली तुमचं नाव आहे, म्हणून मी खरं तर त्याच्याकडे शेवटी बघणार होतो. पण वरचे लोक आता ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत. चार वाजता मीटिंग आहे. चूक कुठे आहे आणि ती सुटली कशी, दोन्ही सांगायचंय. धाकटीला आज जायला सांगतील असं दिसतंय."

"चूक तिचीच आहे हे कशावरून?"

"तेच तुम्ही सांगा. तुम्ही एकदा बघा ना."

"बघतो," मास्तर म्हणाले.

धाकटी ही टीममध्ये सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. तीन वर्षं झाली तरी नाव बदललं नव्हतं. तिने लिहिलेला तो पॅच मास्तरांना चांगला आठवत होता. त्यांनी बायकोला तो तेव्हाच समजावून सांगितला होता, कारण काय वाचतोय हे कळलं की ती बरं वाचायची.

"समज, तू दुसऱ्याच्या घरात काम करतेस," ते म्हणाले होते. "कोणती वस्तू कुठल्या कपाटात, ते तुझ्या चिठ्ठीवर लिहिलंय. मग घराचा मालक येतो आणि म्हणतो, आजपासून सगळ्या कपाटांचे नंबर बदलले, ही नवी यादी. ती तो एकदाच वाचून दाखवतो. तेवढ्यात तू चिठ्ठीवरचा प्रत्येक नंबर खोडून नवा लिहायचा. एक जरी राहिला, तरी तू नंतर कधीतरी जुन्या नंबरावर जाणार, आणि तिथे कपाटच नसणार."

"मग?"

"मग संपलं."

इथे मालक म्हणजे पेटीतला मुख्य प्रोग्राम, आणि चिठ्ठीवर पाच पत्ते होते. पाच पत्त्यांना पाच ओळी. एवढीच काय ती त्या पॅचमधली नाजूक जागा.

सकाळी साडेनवापासून त्यांनी पॅच पुन्हा वाचायला घेतला. मास्तरांनी तो सुरुवातीपासून घेतला नाही. पाच ओळी त्यांनी ऐकल्या होत्या, त्या बरोबर होत्या, मग चूक दुसरीकडे असणार. नव्या यादीची हाक येते तेव्हा कुणी आणखी त्याच जागेला हात लावत असेल. कुलूप लावायचं राहिलं असेल. जागेचं माप चुकलं असेल. एकेक फाइल त्यांनी उघडायला लावली. बायको वाचत गेली. बाण, चांदणी, कंस, अर्धा टाका. अकरा वाजता तिचा आवाज बसला. ती पाणी प्यायली आणि तिने पुन्हा सुरू केलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं, आणि प्रत्येक वेळी ड्रिल सुरू झालं की मास्तर टेबलावर मूठ आपटायचे.

"दमाने घ्या," ती म्हणाली.

"दमाने घ्यायला वेळ आहे का?"

"आपटून वेळ वाढतो का?"

साडेबाराला त्यांना एक गोष्ट सापडली, पण ती चूक नव्हती, नुसती वेळ कळली. पेटीतली जागा छोटी असते. तापमान, घड्याळ, कुणी दार उघडलं, अशी प्रत्येक नोंद पुढच्या कोऱ्या जागेत लिहिली जाते. पाच-सहा आठवड्यांनी जागा भरते. मग प्रोग्राम 'साफसफाई चालू' अशी खूण करतो, कामाचं तेवढं उचलून एका राखीव जागेत ठेवतो, मूळ जागा पुसतो आणि सामान परत आणतो. पेट्या नेमक्या सहाव्या आठवड्यात मरत होत्या. म्हणजे साफसफाई करतानाच मरत होत्या. आणि पुन्हा चालू केल्या की खूण बघून राखीव जागेत सामान शोधायला जायच्या. सामान तिथे पोचलेलंच नसायचं, म्हणून तशाच बसून राहायच्या. कारखान्यातल्या चाचणीत साफसफाई करून पाहिलेली होती, पण ती मालक यायच्या आधी, जुने नंबर चालू असताना. तेव्हा सगळं सुरळीत झालं होतं.

"राखीव जागेचा पत्ता," मास्तर स्वतःशीच म्हणाले. तो पाचांतला एक होता. पण पाचही बदलले होते. त्यांनी स्वतः ऐकलं होतं.

एक वाजता धाकटीचा फोन आला. आवाज कोरडा होता. रडून झाल्यावर येतो तसा.

"सर, तुम्ही त्या पाच ओळी नीट पाहिल्या होत्या ना?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी सकाळपासून शंभर वेळा पाहिल्या. मला त्यात काही दिसत नाही. पण मीच लिहिल्यात ना सर, आपलं लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. म्हणून विचारते. तुम्ही पाहिल्या असतील तर मी दुसरीकडे शोधते."

"पाहिल्या होत्या," मास्तर म्हणाले.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिला खरंच हायसं वाटलेलं ऐकू आलं, आणि मास्तरांना स्वतःची शिसारी आली.

फोन झाल्यावर त्यांनी बायकोला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः संगणकासमोर बसले. अक्षरं मोठी करत नेली. तळहाताएवढी. एका वेळी पडद्यावर चारच अक्षरं मावत होती. ते मान तिरकी करून कडेने बघू लागले, कारण कडेने दिसायचं. पण कडेची नजर वस्तू असल्याचं सांगते, ती कोणती हे नाही सांगत. अक्षराचा पाय दिसायचा, पोट दिसायचं नाही. त्यांनी भिंग घेतलं. भिंगाने डागही मोठा झाल्यासारखा वाटला. दहा मिनिटांत घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. एका ओळीतलं एक नाव त्यांना लागलं, आणि पुढच्या नावाला जाईपर्यंत ते पहिलं नाव होतं की नाही याचीच शंका आली. एकेकाळी हा माणूस चारशे ओळी चहा पिता पिता वाचायचा. त्यांनी भिंग ठेवलं आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. मोठ्याने ओरडावं असं त्यांना वाटत होतं, पण कुणावर ओरडायचं ते कळत नव्हतं.

"उठा," बायको म्हणाली. "सांगा, कुठून वाचू?"

"त्या पाच ओळी."

"त्या झाल्यात ना?"

"परत. एकूण एक अक्षर."

ती बसली. तिने अक्षरं पुन्हा लहान केली, पाच ओळी शोधल्या, आणि बोट ठेवून वाचू लागली. पहिली ओळ. बदला, कंस, गाठ, चिठ्ठी, बाण, सुरुवात, कंस मिटला, अर्धा टाका. दुसरी तशीच, फक्त 'सुरुवात'च्या जागी 'शेवट'. तिसरी, 'यादी'. चौथी, "बदला, कंस, गाठ, चिठ्ठी, बाण, यादी..."

ती थांबली.

"पुढे?" मास्तर म्हणाले.

"चौथीतही यादीच आहे."

"नीट बघ."

"नीटच बघते. तिसरीत यादी. चौथीत यादी. पाचवीत घड्याळ." तिने बोट पुन्हा वरच्या ओळीवर नेलं. "राखीव कुठेच नाही."

वरचं ड्रिल नेमकं तेव्हा बंद होतं.

तिसरी ओळ उचलून चौथी केली, नाव बदलायचं राहिलं. बस, एवढंच. यादीचा पत्ता दोनदा बदलायला सांगितला, दुसऱ्यांदा तो पत्ता आधीच नवा असल्याने मालकाने ओळख दिली नाही, त्याचं उत्तर कुणी पाहिलं नाही. आणि राखीव जागेचा जुना पत्ता तसाच चिठ्ठीवर राहिला. दोन हजार पेट्यांच्या चिठ्ठीवर. पोरीने शंभर वेळा पाहिलं तरी तिला ते दिसणार नव्हतं, कारण पाच ओळी ओळीने शिवल्यासारख्या सारख्या दिसतात. म्हणून तर दुसऱ्याने तपासायचं असतं.

"त्या दिवशी मी वाचलं नाही हे," बायको हळू आवाजात म्हणाली. "दोन वाचल्या, आणि म्हटलं, पुढे तसंच, अजून तीन."

मास्तरांना तो दिवस लख्ख आठवला. ती वाचतच होती. तिसरी ओळ तिने तोंडात घेतली होती. तेच म्हणाले होते, "तेच तेच असेल तर सोड गं, मला दुसरा पॅचही आज संपवायचाय." एका मापाचे पन्नास सदरे कापायचे तर ती पहिले दोन तपासून पुढे जायची, हे त्यांना माहीत होतं. तिला न सोडायला शिकवायचं सोडून त्यांनी सोडायला शिकवलं होतं. आता ती मात्र तेवढं बोलली नाही. आणि मास्तरांनीही आठवण करून दिली नाही.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"लिहून घे," मास्तर म्हणाले. "मॅनेजरला."

तिने पत्राची खिडकी उघडली. दोन बोटांनी टाइप करायची ती, पण सावकाश आणि अचूक.

"चौथ्या ओळीत 'यादी'च्या जागी 'राखीव' हवं. एवढंच बदला आणि सगळ्या पेट्यांना आजच्या आज पाठवा. ज्यांची जागा भरत आलीय त्यांना आधी."

ती टाइप करत राहिली. झाल्यावर म्हणाली, "पुढे?"

मास्तरांनी तोंडावरून हात फिरवला. पुढचं वाक्य त्यांच्याकडे तयार होतं, आणि ते तयार आहे याची त्यांना भीती वाटली. पॅच एकदा पाठवून थांबत नाही. शेरे येतात, दुरुस्त करून दुसरा पाठवतात, मग तिसरा. बदल किरकोळ असेल तर आधीची 'तपासणारा' ओळ तशीच पुढच्याला चिकटवतात. सगळेच करतात. धाकटीनेही शेवटी एक किरकोळ बदल करून चौथ्यांदा पाठवला होता, आणि मास्तरांची ओळ तशीच पुढे आणली होती. त्या किरकोळ बदलाला पाच ओळींशी काही देणंघेणं नव्हतं. पण ते कुणी शोधत बसलं असतं का? मास्तरांच्या शब्दापुढे?

"लिही," ते म्हणाले. "मी तपासला तो तिसरा पॅच. त्यात पाचही ओळी बरोबर होत्या. त्यानंतर चौथा आला, तो मला दाखवण्यात आला नाही. माझं नाव त्यावर परस्पर चिकटवलं आहे."

बोटं थांबली.

"असं झालं होतं?"

"तू लिही."

"असं झालं होतं का, एवढंच विचारते."

"ती पोरगी आहे. तिला दुसरीकडे काम मिळेल," मास्तर म्हणाले. आवाज चिरकला तो त्यांना आवरता आला नाही. "मला कोण देईल? अगं, मला कोण देईल? उद्यापासून मी काय करू, तू मशीनवर बसणार आणि मी? मी बसून ऐकू, मशीन कसं चालतं ते?"

थोड्या वेळाने कळा वाजायला लागल्या.

मास्तर ऐकत होते. चार वाक्यं होती, लहानच. पण कळा वाजतच राहिल्या. आठ महिन्यांत त्यांना तिच्या टाइप करण्याची चाल पाठ झाली होती. हे चार वाक्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं.

"इतकं काय लिहितेस?"

"थांबा जरा."

"मी सांगितलं त्याच्या दुप्पट झालं."

"थांबा म्हटलं ना."

मग एक कळ वाजली आणि त्यापाठोपाठ तो छोटा सूंऽ आवाज आला. पत्र गेल्याचा. तो आवाज मास्तरांनी शंभर आवाजांत ओळखला असता.

"वाचून न दाखवता पाठवलंस?"

"आता दाखवते," ती म्हणाली, आणि कोड वाचायच्या त्याच सपाट आवाजात, एकही खूण न गाळता, वाचू लागली.

"चौथ्या ओळीत यादीच्या जागी राखीव हवं, पूर्णविराम. एवढंच बदला आणि सगळ्या पेट्यांना आजच्या आज पाठवा, पूर्णविराम. ज्यांची जागा भरत आलीय त्यांना आधी, पूर्णविराम. पुढचं मी लिहिते आहे, स्वल्पविराम, मी यांची बायको, पूर्णविराम. यांना आठ महिने वाचता येत नाही, पूर्णविराम. मी वाचते आणि हे ऐकून तपासतात, पूर्णविराम. तुमचं काम बाहेरच्याला दाखवायचं नसतं हे आम्हाला माहीत होतं, पूर्णविराम. त्या दिवशी मी दमले होते म्हणून पाचांतल्या तीन ओळी मी वाचल्याच नाहीत, पूर्णविराम. वाचल्या असत्या तर यांनी चूक नक्की पकडली असती, पूर्णविराम. तुमच्याकडच्या मुलीने मागाहून त्या ओळींत काही बदललेलं नाही, स्वल्पविराम, आणि हे ठरवून कुणाला फसवणाऱ्यातले नाहीत, पूर्णविराम. मी शिवणकाम करते, पूर्णविराम."

मास्तर उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"मी हे सांगितलं होतं?"

"नाही."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. नाहीच म्हणालो असतो." ते टेबलाला धरून उभे होते. "तू माझं काही ठेवलं नाहीस. कळतंय का तुला? एक गोष्ट होती माझ्याकडे. एवढी एकच. तीही तू..."

ती रडत होती हे त्यांना दिसलं नाही. पण ती नाक ओढते आणि ते लपवायला खोकते, हे ऐकू आलं. तिने त्यांची खुर्ची उचलून जागेवर ठेवली, आणि ते बसेपर्यंत पाठीला हात लावून धरली.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मास्तरांना दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. पत्र मॅनेजरने उघडलं असेल. पहिल्या तीन वाक्यांवर तो लगेच कामाला लागला असेल. धाकटीला त्याने बोलावलं असेल. ती चौथी ओळ बघत असेल, आणि आता तिलाही दिसत असेल. मास्तरांनी ते सगळं मनात एकदा नीट लावून पाहिलं. मग पुन्हा बायकोच्या पत्राकडे वळले. त्यांचा स्वभावच तो. ऐकलेलं त्यांच्या डोक्यात ओळीने बसायचं.

"एक ओळ चुकली आहे," ते म्हणाले.

"कुठली?"

"दमले होते म्हणून, ती."

तिने मापाची टेप बोटाला गुंडाळली.

"तू दमली नव्हतीस. तिसरी ओळ तू वाचायला घेतली होतीस. मी म्हटलं होतं, सोड."

"राहू द्या ना आता ते. कुणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो. दुरुस्तीचं दुसरं पत्र लिही. आधीच्या पत्रात आठवी ओळ चुकीची आहे. ओळी वगळायला मी सांगितलं. तपासणारा मी होतो. खाली माझं नाव घाल."

तिने लिहिलं. या वेळी कळा जेवढ्या वाजायला हव्या होत्या तेवढ्याच वाजल्या. लिहून झाल्यावर तिने ते त्यांना वाचून दाखवलं, पूर्णविरामांसकट, आणि विचारलं, "पाठवू?"

मास्तरांनी मान हलवली. मग तिचं तोंड पडद्याकडे असेल हे ध्यानात येऊन म्हणाले, "पाठव."

चार वाजायला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजायला लागला. मास्तरांनी तो टेबलावरून चाचपून घेतला, पण कुठे दाबायचं ते त्यांना दिसेना. बायकोने त्यांचं बोट धरलं आणि बटणावर नेऊन ठेवलं.